परदेशातलं इंग्रजी : ग्लासगो, चुकलेली गाडी आणि 'या, या' म्हणायची सवय

पायवाट

ग्लासगोमधलं माझं एका वर्षाचं मास्टर्स गेल्या महिन्यात संपलं. निघण्याआधी व्हिसा, बॅगेचं वजन, खोलीचा करार यांबद्दल लोकांनी भरभरून सांगितलं होतं. कानांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून हे लिहिते आहे. लांबलंय, सवडीने वाचा.

माझं इंग्रजी कच्चं नव्हतं. शाळा मातृभाषेतून झाली, पण पदवीपासून सगळं इंग्रजीत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला साडेसात बँड होते. बोलायला मी घाबरत नव्हते. तिथे गेल्यावर लक्षात आलं की अडचण बोलण्यात नाहीच. मी विचारलेलं समोरच्याला कळायचं, त्याने दिलेलं उत्तर मला कळायचं नाही. शब्द ओळखीचे, पण सगळे एकमेकांना चिकटलेले. 'वॉटर', 'बटर' यांतला मधला ट ग्लासगोत घशातच थांबतो, कानावर नुसता एक झटका येतो. जे कळायचे ते शब्दही फसवायचे. वर्गातल्या मुलीने विचारलं, 'व्हेअर डू यू स्टे?' मला वाटलं, तात्पुरती कुठे उतरलीस असं विचारतेय. मी म्हटलं, मी उतरलेली नाही, वर्षभर राहायला आलेय. स्कॉटलंडमध्ये 'स्टे' म्हणजेच राहणं. घर कुठे आहे एवढंच तिला हवं होतं. 'हाफ सेव्हन'ला भेटायचं ठरलं तेव्हा मी साडेसहाला जाऊन तासभर पावसात उभी राहिले. ते साडेसात असतं.

कळलं नाही की मी हसून मान हलवायचे आणि 'या, या' म्हणायचे. दिवसातून वीसदा तरी. त्याच सवयीने मला ओबनला नेलं.

नोव्हेंबरात मला ग्लेनफिननचा पूल बघायचा होता. फोर्ट विल्यम ते मॅलेग या १९०१ साली सुरू झालेल्या मार्गावरचा, २१ कमानींचा, अख्खा काँक्रीटचा पूल. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून सुटणारी ती गाडी क्रीअनलॅरिख नावाच्या छोट्या स्टेशनवर दुभंगते. काही डबे ओबनला जातात, उरलेले रॅनखच्या दलदलीच्या माळावरून फोर्ट विल्यमला आणि तिथून मॅलेगला. घोषणा झाली. पुढचे डबे आणि मागचे डबे वेगळीकडे जाणार एवढं समजलं, पण कुठले कुठे ते समजलं नाही. थोड्या वेळाने तिकीट तपासायला माणूस आला. त्याने तिकीट पाहिलं, दाराकडे हात करून काहीतरी सांगितलं. मी हसून 'या, या' म्हटलं आणि तो पुढे गेला. आता कळतं, तो मला डबा बदल म्हणून सांगत होता.

नकाशात पाहून ठेवलं होतं की क्रीअनलॅरिखनंतर 'अपर टिनड्रम' येतं. टिनड्रम मूठभर घरांचं गाव, तरी त्याला दोन स्टेशनं आहेत, दोन्ही फाट्यांवर एकेक. खिडकीबाहेर पाटी आली ती 'टिनड्रम लोअर' अशी. पोटात गोळा आला.

समोर एक आजी बसल्या होत्या. 'यू ऑल राइट, हेन?' म्हणाल्या. हेन म्हणजे कोंबडी एवढंच मला ठाऊक. तिकडे बाईमाणसाला मायेने तसं म्हणतात, आपल्या 'पोरी'सारखं. मी गाडी चुकल्याचं सांगितलं. त्यांनी दोनतीन वाक्यांत काहीतरी समजावलं आणि मी परत मान हलवली. त्या थांबल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या, तुला कळत नाही तेव्हा तू हसतेस, आणि तू हसलीस की आम्हाला वाटतं कळलं. जे कानावर पडलं तेवढं म्हणून दाखव, चुकलेलं असलं तरी चालेल. उरलेलं आम्ही भरू.

ओबनपर्यंतच्या तासाभरात आम्ही तेवढंच केलं. त्या बोलायच्या, मी ऐकू आलेलं परत म्हणायचे, त्या दुरुस्त करायच्या. लॉख ऑ या सरोवराच्या काठावर किलखर्न किल्ल्याचे अवशेष दिसले, तेव्हा 'लॉख' कसं म्हणायचं तेही झालं. तो शेवटचा आवाज घशातून घासत येणारा ख आहे. इंग्लंडहून आलेले बरेच जण त्याचा क करतात. माझा ख बराच जवळ गेला म्हणून आजींना फार आनंद झाला. ओबनला उतरून मी टेकडीवरच्या मॅकेग्ज टॉवरपर्यंत चढून गेले, समोर केरेरा आणि मल बेटं, खाली बंदर. संध्याकाळच्या गाडीने परत आले.

त्यानंतर मी 'पार्डन?' म्हणणं सोडलं. 'पार्डन' म्हटलं की माणूस तेच वाक्य तितक्याच वेगाने, फक्त मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी मी म्हणू लागले, 'सो द फ्रंट कोचेस आर फॉर ओबन?' अशा प्रश्नाला 'नो, द बॅक टू' इतकं छोटं उत्तर येतं आणि ते कळतं. समोरच्यालाही समजतं की मला नेमकं कुठे अडलंय. वर्षभरात इंग्रजीचा कुठलाही क्लास मला एवढा उपयोगी पडला नाही.

गावांच्या नावांचा अनुभवही याच जातीचा. ९६ मैलांची वेस्ट हायलँड वे ही पायवाट जिथून सुरू होते त्या गावाचं नाव मराठी डोळ्यांना सरळ 'मिलनगावी' दिसतं. तिकिटाच्या खिडकीवर मी तसंच म्हटलं. त्या गावाचा उच्चार आहे 'मलगाय'.

तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, जरूर लिहा.

अनुस्वार

पायवाट, फार मोलाचं लिहिलंस. मी भाषाशास्त्र शिकवते, म्हणून कान का अडतात त्यावर थोडं.

मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजीत आघात असलेलं अक्षर लांबतं आणि मधली सगळी अक्षरं चेपली जातात, त्यांचे स्वर पुसट 'अ'वर येतात. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली भाषांची अशी दोन गटांत विभागणी मांडली. पुढच्या मोजमापांत ती इतकी काटेकोर निघाली नाही, पण शिकणाऱ्याच्या कानाला जाणवतं ते साधारण तसंच. 'आय कॅन डू इट' हे प्रत्यक्षात 'अक'न्डूइट' असं येतं. 'कॅन' चेपला जातो, नकारातला 'कान्ट' मात्र ठसठशीत राहतो. आपण 'कॅन'वर जोर देऊन बोललो की त्यांना नकार ऐकू येण्याची शक्यता असते. नेमका उलटा अर्थ! थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांतही घोटाळा आघाताचाच. फलाटाचा नंबर किंवा वेळ असेल तर 'वन-थ्री, की थ्री-झीरो?' असं सुटं करून विचारावं.

दुसरी गोष्ट आपल्या उच्चाराची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांच्यासोबत श्वासाचा झोत बाहेर पडतो. ब, ड, ग पासून ते वेगळे ओळखायला त्यांचा कान मुख्यतः त्या झोतावर अवलंबून असतो. आपला 'प' कोरडा असतो, कारण झोतासकटचा उच्चार, म्हणजे महाप्राण, आपल्याकडे वेगळं अक्षर आहे. म्हणून आपलं 'पेअर' त्यांना 'बेअर' वाटतं, 'टाउन' कधी 'डाउन', 'कोट' कधी 'गोट'. तोंडापुढे तळहात धरा आणि प म्हणताना वाफ हाताला लागते का बघा. मराठी माणसाला हे आठवडाभरात जमतं, कारण ख, ठ, फ म्हणायची सवय जिभेला आहेच. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात, मॅडम, कॉफी मागितली आणि एकदाच मागावी लागली.

उत्तरवारा

'हाफ सेव्हन' वाचून राहवलं नाही. मी जर्मनीत इंग्रजी माध्यमाचा कोर्स करतोय. जर्मनमध्ये 'हाल्ब झीबन' म्हणजे साडेसहा, सातकडे जाणारा अर्धा तास. आमच्या गटात एक इंग्लंडचा मुलगा आहे. तो 'हाफ सेव्हन' म्हणाला की जर्मन मुलं तासभर आधी हजर. आता आम्ही वेळ आकड्यांतच लिहून पाठवतो.

आणखी एक. आमच्या वर्गात इंग्रजी बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. तुर्कस्तान, व्हिएतनाम, ब्राझील, सगळीकडची मुलं एकमेकांना सहज समजतात, कारण प्रत्येक जण शब्द जपून उच्चारतो. सगळ्यात कमी कळायचं ते त्या इंग्लंडच्या मुलाचं. पहिल्या सत्रात त्याला फार एकटं वाटत होतं. मग तोच शिकला, वाक्प्रचार गाळायचे, थांबून बोलायचं. म्हणजे शिकणं दोन्हीकडून होतं, हे मला फार आवडलं.

ध्येयवेडा

माझं मत जरा वेगळं आहे, राग नसावा. परदेशात गेल्यावर पहिले सहा महिने मराठी बोलायचंच नाही. मी तसं केलं. मराठी मुलांच्या घरात खोली मिळत होती ती नाकारली, घरीही आठवड्यातून एकदाच फोन. त्याशिवाय कान तयार होत नाहीत. ज्यांनी तसं केलं नाही ते दोन वर्षांनीही आपल्याच कोंडाळ्यात दिसतात.

मोगरा

ध्येयवेडा, तुम्हाला ते झेपलं, आनंद आहे. पण असा सल्ला सरसकट देऊ नका. माझ्या मैत्रिणीने हेच केलं. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, बाहेर कुणी ओळखीचं नाही, आणि जे वाटतंय ते नीट सांगता येईल अशी भाषा तिने स्वतःलाच बंद केलेली. इंग्रजी सुधारायचं सोडाच, तिने वर्गात जाणं थांबवलं. विद्यापीठाच्या समुपदेशकाने पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे घरी रोज फोन कर.

पायवाट

मोगराशी मी पूर्ण सहमत. ध्येयवेडा, आपल्याच कोंडाळ्यात राहू नये हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण मी रोज रात्री आईला फोन करायचे आणि दिवसभरात ऐकलेली दोनतीन वाक्यं तिला मराठीत समजावून सांगायचे. 'आउटविथ' हा शब्द असाच पक्का झाला. स्कॉटलंडमध्ये तो सरकारी पत्रांतसुद्धा असतो, अर्थ 'च्या बाहेर'. इंग्लंडच्या लोकांना तो नवा वाटतो. आईला सांगताना मला त्याचा अर्थ आधी स्वतःला नीट लावावा लागला. दमलेला मेंदू नवी भाषा ऐकत नाही. संध्याकाळी सहानंतर माझं इंग्रजी अक्षरशः बंद पडायचं. ते पहिल्या सत्रात जवळजवळ सगळ्यांचं होतं, त्याने खचू नका.

शाईपेन

मला शब्द कळायचे, अर्थ कळायचा नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाइड म्हणाले, 'यू माइट वाँट टू हॅव अनदर लुक ॲट चॅप्टर टू.' मी ऐकलं ते असं की वाटलं तर बघ. मला वाटलं नाही, मी बघितलं नाही. महिन्याभराने त्यांनी तोच मसुदा समोर ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पाहून समजलं की तो आदेश होता. 'क्वाइट गुड' म्हणजे छान नाही, ठीकठाक. 'इंटरेस्टिंग' म्हटलं आणि पुढे काहीच बोलले नाहीत तर समजावं, पटलेलं नाही.

पायवाटचा उपाय इथेही लागू पडतो. आता मी मीटिंग संपताना म्हणते, 'म्हणजे शुक्रवारपर्यंत दुसरं प्रकरण नव्याने लिहून द्यायचं, बरोबर?' आणि तेच ईमेलमध्ये दोन ओळींत पाठवते. गाइडनाही ते आवडतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. त्यांना उद्धट वाटेल या भीतीपोटी मी वर्षभर हे केलं नव्हतं, त्याची चुटपुट मात्र आहे.

गलबत

आयर्लंडहून हजेरी. डब्लिनमध्ये पहिल्या दिवशी बसच्या पाटीवर 'अन लार' वाचलं. मला वाटलं, हे कुठलं तरी दूरचं उपनगर. अशा चार बस मी सोडल्या आणि शहराच्या मध्यभागी जाणाऱ्या बसची वाट बघत उभा राहिलो. 'अन लार' म्हणजे आयरिश भाषेत मध्यभागच.

पण मला जास्त जीव लागला तो त्यांच्या इंग्रजीच्या घडणीला. घरमालकीण म्हणाली, 'आय'म आफ्टर लूझिंग द कीज.' मला वाटलं, किल्ल्यांच्या मागे लागली आहे. त्याचा अर्थ किल्ल्या आत्ताच हरवल्या. आयरिश भाषेतली वाक्याची ठेवण जशीच्या तशी इंग्रजीत उतरली आहे. आपणही मराठीची ठेवण इंग्रजीत आणतो आणि त्याला चूक म्हणून लाजतो. तिथली माणसं मात्र ते वाक्य अभिमानाने बोलतात. ते ऐकल्यावर माझ्या उच्चाराबद्दलचा संकोच बराच गेला. समजेल असं बोलायचं एवढंच ठरवलं, कुणाची नक्कल करायची नाही.

नवखा

सगळ्यांचे आभार. मी ग्लासगोत येऊन तीन आठवडे झाले. माझेही लिसनिंगला साडेसात आहेत आणि समोरासमोर थोडं निभावतं. फोनवर मात्र पूर्ण अंधार. दवाखान्यात नाव नोंदवायचंय, घरमालकाला हीटर बिघडल्याचं सांगायचंय, दोन्ही फोन आठवडाभर टाळतोय. फोनवर चेहरा नाही, ओठ नाहीत. पायवाटताई, काय करू?

पायवाट

नवखा, फोन सगळ्यांनाच जड जातो. आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्येही ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, पण ऐकण्याआधी प्रश्न वाचायला वेळ देतात. म्हणजे काय येणार ते कानाला आधीच ठाऊक असतं. खरा फोन तसा नसतो, म्हणून प्रश्न तू स्वतःच लिहून काढ. दवाखान्यात जन्मतारीख, पत्ता, पोस्टकोड आणि आडनावाचं स्पेलिंग विचारतात. आडनाव 'व्ही फॉर व्हिक्टर, के फॉर किलो' असं सांगायचा घरी सराव कर. शून्याला 'ओ' म्हणतात, ४४ ला 'डबल फोर'. फोन उचलल्याबरोबर म्हण, 'इंग्रजी माझी दुसरी भाषा आहे, कृपया सावकाश बोलाल का.' मला एकदाही कुणी वाईट उत्तर दिलं नाही. आणि हीटरचं घरमालकाला ईमेलनेही कळव, लेखी राहतं. थंडीचे दिवस आहेत, ते लांबवू नकोस.

तुझं वय २२ च्या आत असेल तर स्कॉटलंडमध्ये बसप्रवास मोफत आहे, त्याचं कार्ड काढून घे. बसच्या वरच्या मजल्यावर पुढे बस आणि मागचे लोक काय बोलतात ते ऐक. उत्तर द्यायचं नसतं, त्यामुळे कान मोकळे राहतात. सबवे, म्हणजे इथली भुयारी रेल्वेही चांगली, १८९६ पासूनची आहे. १५ स्टेशनांचा गोल, चुकीच्या दिशेने बसलास तरी साधारण २४ मिनिटांत फिरून तिथेच येतोस.

अनुस्वार

फोनबद्दल एक भर. फोनवर स, फ यांसारख्या व्यंजनांतले वरच्या पट्टीतले आवाज बऱ्याचदा कापले जातात. 'एफ' आणि 'एस' फोनवर तुझ्याप्रमाणेच त्यांनाही सारखेच ऐकू येतात. स्पेलिंगला शब्द जोडायची पद्धत त्यासाठीच आहे. तुझ्या कानांचा दोष समजू नकोस.

नवखा

दवाखान्याचा फोन केला. अडीच मिनिटं लागली, घाम फुटला, पण झाला. बाई पलीकडून वेळ सांगत होत्या, ते पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मी म्हटलं, 'सो दॅट्स ट्यूसडे, नाइन थर्टी?' त्या म्हणाल्या, 'थर्सडे. हाफ नाइन, आय.' (इथे 'आय' म्हणजे हो.) ट्यूसडे आणि थर्सडे! नुसतं 'या, या' म्हटलं असतं तर मंगळवारी जाऊन बसलो असतो. घरमालकाला ईमेल केला आहे, हीटरवाला उद्या येतोय.

ताई, ग्लेनफिनन नंतर बघितलंत की नाही? मलाही त्या गाडीने जायचंय. कराउर स्टेशनबद्दल वाचलं, तिथे उतरावं का?

पायवाट

वा, शाब्बास! थर्सडेचं वाचून फार बरं वाटलं.

ग्लेनफिनन मार्चमध्ये बघितलं. कराउरला उतर, नक्की उतर. ४०८ मीटरवर आहे, सार्वजनिक रस्ता तिथे पोचत नाही, फक्त रेल्वे. त्याच्या अलीकडे गाडी रॅनखच्या दलदलीवरून जाते. १८९४ मध्ये फोर्ट विल्यमपर्यंतचा मार्ग सुरू झाला तेव्हा तिथे रूळ बुडू नयेत म्हणून खाली झाडांची मुळं, फांद्या, माती, राख यांची गादी अंथरली होती. गाड्या दिवसात मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी बघून ठेव, गरम कपडे ने.

आणि क्वीन स्ट्रीटला चढतानाच डब्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विचार, हा डबा फोर्ट विल्यमचा का. मी मार्चमध्ये विचारलं तर तो म्हणाला, 'नॉ हेन, ही ओबनची.' मी सामान उचललं आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसले.